भित्री भागूबाई उभी राहिली

तिचं खरं नाव लॉन्ड्रीच्या हजेरीपटावर होतं आणि ते तिथेच राहिलं. बाकी सगळ्या जगात ती भागूबाई. भित्री भागूबाई. कामाला लागली त्या पहिल्याच आठवड्यात वाफेची शिट्टी वाजली आणि ही बया हातातली चादरींची थप्पी टाकून थेट दारापर्यंत पळाली. तेव्हापासून नाव चिकटलं ते चिकटलं. आणि खोटं कशाला बोलू, शोभतही होतं. कुत्र्याला घाबरायची, लिफ्टला घाबरायची, टपालाने आलेलं बंद पाकीट उघडायला घाबरायची. दारावर कुणी जरा जोरात थाप मारली की ही आतल्या खोलीत पळायची. नवरा म्हणायचा, "आरशात स्वतःचं तोंड दिसलं तरी दचकेल ही." सगळे हसायचे. तीही हसायची, कारण न हसायची भीती वाटायची.

असल्या माणसाला कुणीतरी खमकं माणूस लागतंच. भागूबाईला ते सासरी मिळालं. थोरली नणंद, ताई. आईबाप लवकर गेले तेव्हा ताईनेच धाकट्या भावाला वाढवलं, शिकवलं, बस डेपोत मेकॅनिक म्हणून चिकटवलं आणि त्याचं लग्न लावून दिलं. स्वतःचं लग्न करायचं राहून गेलं. कुणी विचारलं तर म्हणायची, "मला ओरडा खायची सवय नाही, आणि नवऱ्यांना ओरडण्यावाचून दुसरं काही येत नाही." घरात दोन खोल्या. आतल्या खोलीत नवराबायको, बाहेरच्या खोलीत खिडकीखाली ताईची कॉट. नणंद-भावजयीचं जमतं असं सहसा कुणी म्हणत नाही, पण या दोघींचं जमलं. ताईनेच तिला लॉन्ड्रीत लावलं. मुकादम हिच्यावर आवाज चढवायला लागला की चार मशीन पलीकडून ताईचा आवाज यायचा, "तिला काय सांगता? मला सांगा!" मुकादम ताईला वचकून असे.

आता लॉन्ड्रीतलं एक सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. तिथे दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी येत. धुतलेली ओली चादर दोन तापलेल्या रोलरांमध्ये सोडायची, पलीकडून ती कोरडी, कडक इस्त्री होऊन निघते. जिथून चादर आत सोडायची तिथे, रोलरच्या तोंडाशी, एक आडवी लोखंडी दांडी असते. हात चुकून पुढे गेला तर आधी दांडीला लागतो, दांडी वर उचलली जाते आणि मशीन जागच्या जागी थांबतं. दांडी म्हणजे बोटांची राखणदार. पण चादरीचा काठ जाड निघाला तरी ती उचलली जायची, आणि मशीन थांबायचं. दिवसातून तीस वेळा, चाळीस वेळा. मग मुकादम यायचा. "आज मशीन थांबता कामा नये," एवढंच म्हणायचा आणि निघून जायचा. दांडी बांधा असं तो जन्मात कधी म्हणाला नाही. शहाणाच तो! बायकाच फाटक्या चादरीची पट्टी घेऊन दांडी खाली घट्ट बांधून टाकत, आणि घरी जाताना सोडत.

पण बायकांनी आपसात एक कायदा केला होता, आणि तो देवाच्या आज्ञेसारखा पाळला जाई. जिने बांधलं तिनेच त्या मशीनवर उभं राहायचं. पाणी प्यायला जरी जायचं झालं तरी आधी पट्टी सोडायची, नाहीतर मोठ्याने ओरडायचं, "बांधलंय!" म्हणजे दुसरी कुणी तिथे आली तर हात जपून घालील. मशीन मोकळं दिसलं आणि कुणी ओरडलेलं नसलं, तर दांडी सुटी आहे असं बेलाशक समजायचं. इतकी वर्षं यात कधी चूक झाली नव्हती.

चूक झाली ती, ज्या नाताळची ही गोष्ट आहे त्याच्या आधी दहा महिने, एका सकाळी. भागूबाईने दांडी बांधली आणि पंधरा-वीस चादरी सोडल्या असतील नसतील, तोच एक पोरगी सांगत आली, "मुकादमाने बोलावलंय. आत्ताच्या आत्ता." झालं! हिच्या पाचावर धारण बसली. आपलं काय चुकलं, काय फाटलं, काय हरवलं, याचा विचार करत ती धावत सुटली. पट्टी सोडायची राहिली. आणि ओरडायचंही राहिलं.

मुकादमाला काय हवं होतं? काही नाही. हिच्या डब्याची पिशवी वाटेत पडली होती, ती उचलून घे म्हणाला.

इकडे मशीन रिकामं फिरत होतं. मुकादमाने बघितलं तर भागूबाईला बोल लागेल, म्हणून ताई आपलं काम टाकून तिच्या जागी येऊन उभी राहिली. कुणी ओरडलं नव्हतं, म्हणजे दांडी सुटी. चौथ्या की पाचव्या चादरीला ओला काठ दुमडला, तो सरळ करायला ताईने उजवा हात पुढे घातला. दांडी उचलली गेली नाही.

ती किंकाळी मी इथे लिहीत नाही. भिंतीवरचं लाल बटण कुणीतरी दाबलं, रोलर उलटे फिरवले, ताईला बाहेर काढून दाराकडे नेलं. सगळ्या तिच्यामागे धावल्या. भागूबाई हातात डब्याची पिशवी घेऊन परत आली तेव्हा मशीनपाशी कुणीच नव्हतं. तिने पट्टी पाहिली. एप्रनच्या खिशात धागे कापायची कात्री असते, ती काढली आणि पट्टी कापून खिशात कोंबली. हे तिने ठरवून केलं असं म्हणवत नाही, आणि न ठरवता केलं असंही नाही. हात चालले, एवढं खरं. पाच मिनिटांनी मुकादम आला, त्याने दांडी वरखाली करून पाहिली आणि त्याचा जीव भांड्यात पडला. "दांडी सुटी आहे," तो म्हणाला. "सगळ्यांनी बघून घ्या." सगळ्यांनी बघून घेतलं. त्या संध्याकाळी भागूबाईने ती पट्टी गॅसवर जाळली आणि राख मोरीत सोडली.

ताईचा उजवा हात मनगटापासून काढावा लागला.

तपासणी अधिकारी आला, दांडी शंभर वेळा हलवून पाहिली, कागदावर लिहून घेतलं. बायकांना एकेक करून विचारलं. तुम्ही कधी दांडी बांधता का? छे छे! कधीच नाही! एकजात सगळ्यांनी कानावर हात ठेवले. कुणाला पट्टीचं ठाऊक नव्हतं असं नव्हे. पण आज एकीने तोंड उघडलं तर उद्या सगळ्यांच्या पोटावर पाय. भागूबाईला विचारलं तेव्हा तिची बोबडी वळली. अधिकाऱ्याला वाटलं, नणंदेच्या दुःखाने बोलवत नाही. त्याने तिला पाणी दिलं.

फक्त ताई सांगत राहिली. दवाखान्यातल्या खाटेवरून सांगत राहिली, घरी आल्यावर सांगत राहिली. "दांडी हलली नाही. मला पक्कं आठवतंय. मनगट दांडीला लागलं, आणि ती हलली नाही."

आणि तिला पहिलं खोटं पाडलं ते तिच्याच भावाने. मेकॅनिक ना तो! "ताई, मशीन खोटं बोलत नाही. माणसाला धक्का बसला की काहीबाही आठवतं. डॉक्टरही तेच म्हणाले."

"मी शुद्धीवर होते रे."

"असशील. पण दांडी सुटी होती, हे बारा जणांनी पाहिलं. मग उगाच मशीनला दोष का देतेस?"

भागूबाई तेव्हा मोरीत भांडी घासत होती. नळ मोठा सोडून ती घासत राहिली.

पुढच्या महिन्यांत भागूबाईने ताईची जी सेवा केली, तशी सेवा लोकांनी पाहिली नव्हती. वेणी घालायची, ब्लाउजचे हूक लावायचे, भाकरी मोडून द्यायची, लाजून ताई ज्याला नको म्हणायची तेही करायचं. शेजारणी म्हणायच्या, भावजय असावी तर अशी. हे ऐकलं की हिच्या अंगावर काटा यायचा. ताई मात्र दिवसेंदिवस गप्प होत गेली. ज्या बाईच्या आवाजाला मुकादम टरकायचा, ती आता वाक्य अर्ध्यावर सोडायला लागली. बाजारातून आणायच्या वस्तूंची यादी तीनदा विचारायची. गॅस बंद केलाय ना, हे उठून उठून बघायची. एकदा भागूबाईला म्हणाली, "अगं, मला दांडीचं इतकं पक्कं आठवतंय. तेच जर खोटं असेल, तर माझं आणखी काय काय खोटं असेल?"

भागूबाई म्हणाली, "नका हो विचार करू, ताई." बस. एवढंच म्हणाली!

रोज झोपताना ती प्रार्थना करायची. लहानपणापासून करत आली होती, बापाने लावलेली सवय. पण त्या दहा महिन्यांतली तिची प्रार्थना एकाच ओळीची होती: देवा, हे झाकलेलं राहू दे. गुडघे टेकून, डोळे मिटून, मनोभावे. दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकली असती तर तिलाच लाज वाटली असती. पण भीती माणसाला कुठेही नेते, देवापुढेही नेते, आणि तिथे जाऊन त्यालाच आपल्या कटात सामील करून घ्यायला बघते.

डिसेंबर लागला आणि मुकादम घरी आला. सोबत केक, चेहऱ्यावर नाताळ, हातात एक कागद. कागदावर लिहिलं होतं की अपघात माझ्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे घडला, मशीनमध्ये काहीही दोष नव्हता, आणि याबद्दल पुन्हा मी काही बोलणार नाही. ताईने सही केली की तिला बसून करायचं काम मिळणार होतं, दारावरच्या खिडकीत गिऱ्हाइकांना पावत्या द्यायचं. सही नाही, तर काम नाही. "सुट्टी संपली की सही घेऊन या," मुकादम म्हणाला. "मालकांचं मन मोठं आहे."

त्यावर आधीची ताई काय बोलली असती, ते इथे छापता आलं नसतं. आताची ताई कागदाकडे बघत बसली. मग तिने जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून त्यांवर डाव्या हाताने सही गिरवायला सुरुवात केली. रोज दहा-पंधरा वेळा. वाकडी, थरथरती अक्षरं. भाऊ म्हणाला, "बघ, जमतंय की." भागूबाई ती पानं केरात टाकायची आणि टाकताना उलटी करून टाकायची.

नाताळची उपासना सकाळी होती. चर्च लहान, बाक जुने, गर्दीने हलले की कुरकुरणारे. पुढे मेणबत्त्या, आणि चर्चच्या मंडळीतल्या मुलांनी येशूजन्माची पुठ्ठ्याची गव्हाण केलेली. तिघे चौथ्या बाकावर बसले, ताई मध्ये. मुकादम दोन बाक पुढे. तो मंडळीचा पंच होता, म्हणजे चर्चच्या कारभाऱ्यांपैकी एक, दानाची थैली फिरवायचं काम त्याच्याकडे असे. गीताचं पुस्तक ताईला एका हाताने धरता येत होतं पण पान उलटता येत नव्हतं, म्हणून भागूबाई उलटत होती. दुसऱ्या गीताला ताई हळूच म्हणाली, "किती करतेस गं माझं." भागूबाईला पुढचं कडवं दिसेना.

पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, बोलायला उभे राहिले. ते दरवर्षी बोलतात तेच बोलले: रानात मेंढपाळ होते, बाळ येशूच्या जन्माची बातमी घेऊन देवदूत आला, ते फार घाबरले. आणि देवदूताने काय सांगितलं? भिऊ नका. भागूबाईने हे जन्मभर ऐकलं होतं आणि दरवर्षी तिला वाटायचं, ही बात आपली नाही, ही धीट लोकांची आहे. त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या डोक्यात शिरलं की धीट लोकांना भिऊ नका असं कोण कशाला सांगेल? हे सांगितलं ते घाबरलेल्यांनाच. आणि ती माणसं आधी धीट झाली आणि मग निघाली असंही नाही. होती तशीच, लटपटत, उठून बाळाला बघायला गेली.

एवढ्यावर भागूबाई उठली असती का? मला नाही वाटत. घरी गेली असती, जेवण वाढलं असतं, आणि पुढच्या नाताळालाही हेच मनात आलं असतं.

पण पाळक म्हणाले, "ज्याच्या मनावर ओझं असेल त्याने आज ते प्रभूपुढे ठेवावं. आपण सगळे मिळून प्रार्थना करू." दरवर्षी असं म्हणत. कुणी आजारपण सांगे, कुणी मुलाची नोकरी. त्या दिवशी बाक कुरकुरला आणि ताई उभी राहिली.

"माझ्यासाठी प्रार्थना करा," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की मागच्यांनी माना पुढे केल्या. "मी दहा महिने खोटं बोलले. मशीनला दोष दिला. माझ्या बरोबरीच्या बायकांवर संशय घेतला, की यांनीच काहीतरी लपवलं. चूक माझीच होती. मला... मला नीट आठवत नाही आता. पण सगळे सांगतात ते खोटं कसं असेल? देवाने मला क्षमा करावी." एवढं बोलून ती खाली बसली.

मुकादमाने मान खाली घातली आणि मोठ्याने "आमेन" म्हटलं.

त्या आमेननेच केलं, असं भागूबाई पुढे सांगायची. देवाच्या घरात, देवाच्या मुलाच्या वाढदिवशी, ही बाई आपल्या न केलेल्या पापाची क्षमा मागतेय, आणि जिने केलं ती तिच्या शेजारी गीताचं पुस्तक धरून बसलीय! देवा, मी तुझ्याकडे काय मागत होते? हेच ना? हेच मागत होते, आणि हे बघ, मिळालं.

तिने गीताचं पुस्तक मिटून ठेवलं. तिने मनात एवढंच म्हटलं, प्रभू, भीती काढत नसशील तर नको काढू, पण मला उभी कर. आणि ती उभी राहिली. नवऱ्याने तिचा पदर खाली ओढला. त्याला वाटलं, चक्कर आली.

"ताई खोटं बोलल्या नाहीत," ती म्हणाली. "दांडी बांधलेली होती. मी बांधली होती. मी जाताना ओरडले नाही. आणि नंतर पट्टी मीच कापली, घरी नेऊन जाळली. ताईंना आठवतंय ते सगळं खरं आहे. सगळं."

कुणीतरी खोकलं. लॉन्ड्रीतली एक जाडी बाई मागच्या बाकावर होती, ती फिसकारली, "खाली बस, मेले! सगळ्यांना घेऊन बुडशील!" मुकादमाचा चेहरा पांढराफटक. तो पाळकांकडे बघायला लागला, आणि पाळक, बिचारे भले गृहस्थ, अशा वेळी काय करायचं ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी चष्मा नीट केला आणि पुढच्या गीताचा आकडा सांगितला. पेटी वाजायला लागली. आनंदाचं गीत होतं. सगळे उठून उभे राहिले आणि गायला लागले. बसलेली एकटी ताई.

घरी जाताना नवरा पुढे चालत होता, ताई मागे. घरी आल्यावर ताई कॉटवर बसली. भागूबाई तिच्यापुढे जमिनीवर बसली, पायाला हात लावायला गेली, तर ताईने पाय वर घेतले.

"ताई, माझा हात घ्या हवा तर. मारा मला. पण बोला."

ताई बोलली. जुन्या आवाजात बोलली, चार मशीन पलीकडून येणारा तो आवाज. "हाताचं मी एक वेळ सोसलं असतं. बांधतो आपण सगळ्याच. विसरतं माणूस. माझ्या चुकीने तुझा हात गेला असता तर? पण तू मला वेडी होताना बघितलंस. माझी वेणी घालत घालत बघितलंस. त्या पानांवर मी सही गिरवत होते, ती पानं तूच टाकत होतीस ना?"

"मी भ्यायले होते, ताई."

"माहीत आहे. तू जन्मभर भ्यायलेलीच आहेस. आणि आम्ही हसत आलो. तेवढं आमचं चुकलं." मग ती भावाकडे वळली. "आणि तू. मशीन खोटं बोलत नाही, काय? बरोबर. बहीण बोलते." भाऊ भिंतीकडे तोंड करून रडत होता. तिने त्याला उगी केलं नाही.

सुट्टी संपल्यावर भागूबाई एकटी लॉन्ड्रीत गेली आणि सगळं लिहून दिलं. मुकादम म्हणाला, विचार कर. ती म्हणाली, दहा महिने केला. मालकाने तिला तिथल्या तिथे काढून टाकलं. मालकाने पुढे काय केलं बघा! नवा कागद केला. त्यात लिहिलं की एका कामगार बाईने कुणालाही न सांगता, सगळे नियम मोडून, एकदाच दांडी बांधली. कारखान्याला याची काहीच कल्पना नव्हती. बारा बायकांनी त्याखाली सह्या केल्या. म्हणजे हा कागदही खोटाच, फक्त दोष एका घरातल्या एकीवरून दुसरीवर गेला. मुकादम आजही मुकादमच आहे. थैलीही तोच फिरवतो.

दोन गोष्टी मात्र झाल्या. ताईला खिडकीवरचं काम मिळालं, कसलीही सही न करता. बोभाटा झाल्यावर मालकाला तेवढं करणं भाग पडलं. आणि दांड्यांवर लोखंडी आवरणं बसली, आता त्या बांधताच येत नाहीत. मशीन दिवसातून चाळीस वेळा थांबतं आणि चाळीस वेळा बायका भागूबाईचा उद्धार करतात. करोत. त्यांची बोटं रोज संध्याकाळी त्यांच्याबरोबर घरी जातात.

ताईने दुसरीकडे खोली घेतली. एक खिडकी, एक कॉट. भाऊ दर आठवड्याला जातो, ती त्याला चहा देते, बोलत नाही फारसं. भागूबाईला लोकांच्या जिन्यांची झाडलोट करायचं काम मिळालं. आणि तिची भीती गेली. खरंच गेली, चेष्टा नाही. कुत्रं अंगावर आलं तर ती त्याला हाड म्हणते. पाकिटं उघडते. लिफ्टने वर जाते. मुकादम रस्त्यात भेटला तर तोच पलीकडच्या फुटपाथवर जातो. त्या सकाळी प्रभूने आपल्याला उभं केलं, हे ती आजही छातीवर हात ठेवून सांगते, आणि तिचं ते म्हणणं खोडायचं धाडस माझ्यात नाही.

दुसऱ्या नाताळाच्या आधी पाळक तिच्याकडे आले. म्हणाले, या वर्षी तुम्ही साक्ष द्या. देवाने तुमची भीती कशी काढली, ते मंडळीला सांगा. लोकांना बळ येईल. भागूबाईला खरं तर बरं वाटलं. जन्मात पहिल्यांदा तिला कुणी धीट म्हणत होतं. पण ती म्हणाली, आधी ताईंना विचारते.

ती ताईच्या खोलीवर गेली. वर्षभरात पहिल्यांदाच. ताई कामावर निघायच्या तयारीत होती. भागूबाईने दारातच उभं राहून सांगितलं, पाळक असं असं म्हणतात, तुमची हरकत नसेल तरच.

ताईने ऐकून घेतलं. "दे की साक्ष," ती म्हणाली. "खरंच आहे ते. तुझी भीती गेली, येताजाता मी बघितलंय. चांगलं झालं. लोक टाळ्या वाजवतील तुझ्यासाठी." मग कामावरच्या कोटाची बाही ओढत म्हणाली, "मला तेवढं बोलावू नका. मला टाळ्या वाजवता येत नाहीत."

ती कोटाची बटणं लावत होती. डाव्या हाताने, दाताने कापड धरून. वरचं बटण तीनदा निसटलं. भागूबाईचा हात आपसूक पुढे झाला, आणि तिने तो मागे घेतला. बटण लागेपर्यंत ती दारात उभी राहिली. मग ताईने कुलूप लावलं आणि दोघी जिना उतरल्या, ताई पुढे, ती मागे.